स्वरयंत्राच्या चेताप्रतिसादांचे मापन

स्वरयंत्राच्या चेताप्रतिसादांचे मापन म्हणजे स्वरयंत्राशी जोडलेल्या चेतांमधून (मज्जातंतूंमधून) जाणारे संदेश आणि त्यांना स्वरयंत्राच्या स्नायूंनी दिलेली उत्तरे विद्युत् उपकरणांच्या साहाय्याने टिपण्याची प्रायोगिक पद्धती होय. असे प्रयोग मुख्यतः भूल दिलेल्या डुक्कर, कुत्रा, मांजर, ससा व उंदीर या प्राण्यांवर केले जातात. चेतेला विजेचे सूक्ष्म उद्दीपन दिले असता स्नायू किती वेळाने आणि किती जोराने उत्तर देतो, ताण, दाब वा उष्णता यांमुळे ते उत्तर कसे बदलते आणि इजा झालेली चेता पुन्हा कामाला लागते की नाही, हे प्रश्न या मापनातून तपासले जातात. थायरॉइड (अवटू) ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत आवाजाची चेता सांभाळण्यासाठी आज जे उपकरण वापरतात, त्याच्यावर दिसणाऱ्या धोक्याच्या खुणांचा अर्थ लावण्यात या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

विशिष्ट चेता आणि विशिष्ट कार्य यांचा संबंध प्रयोगाने दाखवून दिल्याची जी अगदी जुनी उदाहरणे ज्ञात आहेत, त्यांत स्वरयंत्राचे उदाहरण येते. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे.

स्वरयंत्राच्या चेता

स्वरयंत्र तीन कामे करते. ते श्वासाला वाट देते, गिळताना ती वाट बंद करते आणि आवाज काढते. माणसाला यांपैकी आवाज सर्वाधिक परिचित असला, तरी उत्क्रांतीच्या दृष्टीने श्वासमार्गाचे रक्षण हेच या अवयवाचे मूळ काम मानले जाते. ही तिन्ही कामे परस्परविरोधी आहेत. श्वासासाठी कंठद्वार उघडावे लागते, तर घास गिळताना ते घट्ट मिटावे लागते. या दोन्ही आज्ञा एकाच चेतेतून येतात आणि या विषयातील बहुतेक गुंतागुंतीचे मूळ तेथेच आहे.

मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी दहावी जोडी व्हेगस चेतेची. तिच्या दोन शाखा प्रत्येक बाजूने स्वरयंत्रात पोहोचतात. वरची शाखा ती ऊर्ध्व स्वरयंत्र चेता. तिचा आतला फाटा स्वरतंतूंच्या वरच्या भागातील संवेदना मेंदूकडे नेतो. बाहेरचा फाटा क्रायकोथायरॉइड या स्नायूला चालवतो. हा स्नायू स्वरतंतू ताणून आवाज चढवतो. दुसरी शाखा ती परावर्ती स्वरयंत्र चेता, म्हणजे खाली जाऊन परत फिरणारी. स्वरयंत्रातील उरलेले सर्व अंतर्गत स्नायू तिच्या ताब्यात असतात. त्यांपैकी कंठद्वार उघडणारी स्नायूंची जोडी एकच, ती पश्च क्रायकोॲरिटेनॉइड. बाकीचे स्नायू कंठद्वार मिटवणारे वा स्वरतंतूंचा ताण बदलणारे आहेत.

परावर्ती चेतेचा मार्ग विलक्षण आहे. डावी चेता मानेतून थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील खाचेतून पुन्हा वर चढते. उजवी चेता उजव्या अधोजत्रु धमनीला, म्हणजे गळपट्टीच्या हाडाखालील धमनीला, वळसा घालून परतते. भ्रूणावस्थेत हृदय व मोठ्या धमन्या मानेकडून छातीत सरकतात आणि त्यांच्याखाली अडकलेली चेता त्यांच्याबरोबर ओढली जाते, हे या वळणाचे कारण होय. जिराफात हा फेरा कित्येक मीटर लांबीचा होतो, वास्तविक मेंदू व स्वरयंत्र यांच्यातील अंतर मात्र थोडेच असते.

मापनाच्या दृष्टीने या वळणाला महत्त्व आहे. माणसात मानेतील व्हेगस चेतेला उद्दीपन दिले तर उजव्या बाजूचे उत्तर साधारण ६ मिलिसेकंदांनी आणि डाव्या बाजूचे सुमारे ८ मिलिसेकंदांनी येते. हा फरक डाव्या चेतेच्या अधिक लांबीचा आहे. याउलट परावर्ती चेतेलाच स्वरयंत्राजवळ उद्दीपन दिल्यास उत्तर ३ ते ४ मिलिसेकंदांत मिळते. केवळ या वेळेवरून आपण कोणत्या चेतेला स्पर्श करीत आहोत, हे जाणत्या संशोधकाला ओळखता येते.

इतिहास

गॅलेन आणि ओरडणारे डुक्कर

पर्गामम येथे जन्मलेला व रोममध्ये वैद्यकी करणारा गॅलेन (जन्म इ. स. १२९) याने परावर्ती चेतांचे वर्णन केले आणि त्यांचा शोध आपलाच असल्याचे सांगितले. चेता ज्या पद्धतीने वळून वर येते, तिला त्याने कप्पीवरून फिरणाऱ्या दोरीची उपमा दिली. ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील या बारीक चेता त्याने दोऱ्याने आवळल्या की प्राणी तडफडत राही, पण आवाज बंद होई. दोरा सोडला की आवाज परत येई. कापण्याऐवजी आवळण्याची ही युक्ती लक्षणीय आहे. क्रिया थांबते आणि पुन्हा सुरू होते, हे दोन्ही एकाच प्राण्यात दिसल्यामुळे आवाज दुसऱ्या कशामुळे बंद पडला असेल, ही शंका उरत नाही. आजच्या प्रयोगांतही हाच न्याय पाळला जातो.

या प्रयोगामागे मोठा वाद होता. बोलणे छातीतून येते, म्हणून विचारही हृदयात वसतो, असे स्टोइक तत्त्ववेत्ते प्रतिपादन करीत. आवाजाची सूत्रे मेंदूपासून निघालेल्या चेतांच्या हाती आहेत, हे गॅलेनने रोममधील प्रतिष्ठितांसमोर जाहीररीत्या दाखवले. फ्लेव्हियस बोएथस या माजी कॉन्सलच्या पुढाकाराने झालेल्या अशा एका सभेत अलेक्झांडर नावाच्या तत्त्वज्ञाने, इंद्रियांनी दिलेली साक्ष मुळात मानायची की नाही, असा प्रश्न उपस्थित केला. गॅलेन त्यावर संतापून निघून गेला आणि प्रात्यक्षिक पुढे ढकलावे लागले.

गॅलेनने या कामासाठी डुकराची निवड करण्यास दोन कारणे होती. डुक्कर मोठ्याने ओरडते, हे पहिले. जिवंतपणी कापल्या जाणाऱ्या माकडाच्या चेहऱ्यावरचे भाव पाहवत नाहीत, हे दुसरे, आणि ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. भूल देण्याचे साधन तेव्हा नव्हते. माकडाचा चेहरा टाळला तरी डुकराच्या वेदना काही टळत नव्हत्या, ही गोष्ट त्या लेखनात येत नाही.

पुढे आंद्रेआस व्हेसालियस याने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शरीररचनेवरील महाग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात हाच प्रयोग पुन्हा वर्णिला. फळीला बांधलेल्या डुकराचे चित्रही त्या ग्रंथात आहे.

विजेचा प्रवेश

लुइजी गॅल्व्हानी याच्या बेडकावरील प्रयोगांनी (१७९१) चेता व वीज यांचा संबंध पुढे आणला. हेर्मान हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या चेतेतील संदेशाचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा आहे, अशी अनेकांची समजूत होती. १८५० च्या दशकात मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने लहान आरशाच्या साहाय्याने जिवंत स्वरयंत्र पाहण्याची रीत रूढ केली. चेतेला वीज देणे आणि स्वरतंतूंची हालचाल प्रत्यक्ष पाहणे, ही दोन्ही साधने अशा रीतीने हाताशी आली.

त्याआधी १८१२ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ लगाल्वा याने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली होती. दोन्ही परावर्ती चेता कापल्या असता प्रौढ प्राणी केवळ मुका होतो, परंतु अगदी लहान पिल्लू गुदमरून मरते. पिल्लाचे कंठद्वार इतके अरुंद असते की ते उघडणारा स्नायू निकामी झाल्यावर हवेला वाट उरत नाही. आवाजाच्या चेतेशी प्राणही बांधलेला आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

लंडनमधील स्वरयंत्रतज्ज्ञ फेलिक्स सेमन याने १८८१ मध्ये असे मत मांडले की, परावर्ती चेतेला हळूहळू रोग जडतो तेव्हा कंठद्वार उघडणारे तंतू आधी निकामी होतात आणि मिटवणारे नंतर. हे मत ‘सेमनचा नियम’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या समर्थनार्थ व विरोधात पुढे अनेक दशके प्रयोग झाले. फ्रेंकेल व गाड यांनी १८८९ मध्ये चेता थंड करून पाहिली, तेव्हा उघडण्याची क्रिया आधी मंदावली. हा नियम आज जसाच्या तसा स्वीकारला जात नाही; चेतेच्या इजेनंतर स्वरतंतू कोणत्या जागी स्थिरावतो, हे किती तंतू तुटले आणि किती पुन्हा, कोणत्या स्नायूशी जोडले गेले यावर ठरते, असे आता मानतात.

सेमनने शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ले याच्यासमवेत केलेले काम अधिक टिकाऊ ठरले. मेंदूच्या एकाच बाजूच्या पृष्ठभागाला विजेचे उद्दीपन दिले असता माकडाचे दोन्ही स्वरतंतू जवळ येतात, असे त्यांना आढळले. मेंदूच्या एका बाजूला अपाय झाल्यावर हातपाय लुळे पडले तरी स्वरतंतू सहसा का लुळा पडत नाही, याचा उलगडा त्यातून होतो. याच काळात अमेरिकेतील फ्रँकलिन हूपर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत असे पाहिले की, ईथरची भूल हलकी असताना परावर्ती चेतेच्या उद्दीपनाने कंठद्वार मिटते, पण भूल खोल असताना त्याच चेतेच्या उद्दीपनाने ते उघडते. सेमन व हॉर्स्ले यांनीही १८८६ मध्ये ईथरच्या या परिणामावर लिहिले. प्राण्याला वेदनेपासून वाचवणारे औषधच मोजायच्या उत्तराची दिशा उलटवू शकते, हा या क्षेत्रातील एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा धडा आहे.

जोसेफ अर्लांगर व हर्बर्ट गॅसर यांनी १९२२ मध्ये चेतेतील संदेश पाहण्यासाठी कॅथोड किरण ऑसिलोस्कोप वापरला. त्यांना १९४४ चा नोबेल पुरस्कार मिळाला. मिलिसेकंदाच्या अंशात घडणारी गोष्ट पडद्यावर लाट म्हणून दिसू लागली आणि स्वरयंत्राचा अभ्यास ‘हलले की नाही’ या प्रश्नाकडून ‘कधी व किती’ या प्रश्नाकडे वळला. माणसाच्या स्वरयंत्राच्या स्नायूंतील विद्युत् हालचाल प्रथम १९४४ मध्ये नोंदली गेली आणि १९५७ मध्ये फाबोर्ग-अँडरसन यांच्या अभ्यासाने त्या तंत्राला पक्का पाया दिला.

मापनाची रीत

डुकरावरील प्रयोग हे आज सर्वाधिक प्रचलित उदाहरण असल्यामुळे येथे त्याचे वर्णन केले आहे. प्राण्याला पूर्ण भूल देऊन उताणे निजवतात आणि श्वासनलिकेत नळी घालतात. या नळीच्या ज्या भागावर स्वरतंतू टेकतात, तेथे दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बसवलेले असतात. ते स्वरतंतूंच्या स्नायूंतील विद्युत् बदल टिपतात. मानेला छेद देऊन व्हेगस चेता व परावर्ती चेता उघड्या केल्या जातात. उद्दीपन देणाऱ्या सळईचे टोक चेतेला टेकवून १०० मायक्रोसेकंद टिकणारे, सामान्यतः १ मिलिअँपिअर तीव्रतेचे झटके सेकंदाला सुमारे चार या गतीने दिले जातात.

पडद्यावर प्रथम उद्दीपनाचीच एक अणकुचीदार रेघ उमटते. ती प्राण्याचे उत्तर नव्हे. तिच्यानंतर थोड्या अंतराने वर-खाली जाणारी लाट येते, ते स्नायूचे उत्तर. या नोंदीला स्नायुविद्युतालेख (ईएमजी) म्हणतात. तिच्यात दोन राशी पाहिल्या जातात. उद्दीपनापासून लाट सुरू होईपर्यंतचा काळ हा विलंबकाळ असून तो मिलिसेकंदात मोजतात. लाटेच्या शिखरापासून तळापर्यंतची उंची हा आयाम असून तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. आयाम हा किती स्नायुतंतूंनी एकदम उत्तर दिले याचा अंदाज देतो, तर विलंबकाळ संदेशाच्या वाटचालीविषयी सांगतो.

उद्दीपन कमी असेल तर चेतेतील थोडेच तंतू जागे होतात आणि आयाम लहान दिसतो. म्हणून उद्दीपन वाढवत नेऊन ज्या पातळीनंतर आयाम वाढत नाही, तिच्याही थोडे वर ते ठेवतात. असे न केल्यास चेतेला झालेली इजा आणि सळईचा अपुरा स्पर्श यांत फरक करता येत नाही.

चेतेतील संदेशाचा वेग काढण्यासाठी उद्दीपन दोन ठिकाणी द्यावे लागते. समजा, एकाच चेतेवरील दोन बिंदूंमध्ये १० सेंटीमीटर अंतर आहे आणि त्यांच्या उत्तरांच्या विलंबकाळात २ मिलिसेकंदांचा फरक आहे. तर वेग सेकंदाला ५० मीटर होतो. एकाच बिंदूच्या विलंबकाळावरून वेग काढणे चुकीचे ठरते, कारण त्या काळात चेतेच्या टोकापासून स्नायूपर्यंत रासायनिक संदेश पोहोचण्यासाठी लागणारा वेळही मिसळलेला असतो.

काही प्रयोगांत स्नायूऐवजी चेतेवरच इलेक्ट्रोड ठेवून तिच्यातील अनेक तंतूंचे एकत्रित क्रियाविभव टिपतात. हा संकेत अतिशय क्षीण असतो. त्यामुळे शेकडो नोंदींची सरासरी काढून आसपासच्या विद्युत् गोंगाटातून तो वेगळा करावा लागतो.

संवेदी चेतांची नोंद

स्वरयंत्राकडून मेंदूकडे काय कळवले जाते, हे जाणण्यासाठी ऊर्ध्व चेतेचा आतला फाटा बारीक तंतूंमध्ये विलग करून एकेका तंतूची नोंद घेतात. हे काम हातावर विलक्षण ताबा असल्याशिवाय होत नाही. ज्युझेप्पे सांतांब्रोज्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये भूल दिलेल्या कुत्र्यांवरील अशा प्रयोगांतून तीन प्रकारचे ग्राही वेगळे केले. एक प्रकार श्वासमार्गातील दाबाला उत्तर देतो. सर्वांत मोठा गट याचाच. दुसरा हवेच्या प्रवाहाला आणि तिसरा स्वरयंत्राच्या स्नायूंच्या हालचालीला उत्तर देतो.

हे वेगळे करण्याची युक्ती सोपी होती. प्राणी नाकाने श्वास घेत असताना नाक बंद केले तर स्वरयंत्रात दाब निर्माण होतो, पण हवा वाहत नाही. खाली श्वासनलिका बंद केली तर स्वरयंत्रात दाबही नाही आणि प्रवाहही नाही, फक्त स्नायूंची धडपड उरते. गळ्याला छेद देऊन तेथूनच श्वास घेऊ दिला तर हवा स्वरयंत्राला वगळून जाते. प्रत्येक वेळी कोणता तंतू गप्प बसतो आणि कोणता बोलतो, हे पाहिले की त्याचा प्रकार कळतो. प्रवाहाचे म्हणून ओळखले गेलेले ग्राही हे वस्तुतः आत येणाऱ्या हवेच्या गारव्याला उत्तर देतात, असे पुढील अभ्यासात दिसून आले.

कंठद्वार मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया

अन्नाचा कण वा पाण्याचा थेंब स्वरयंत्राला लागताच कंठद्वार क्षणार्धात मिटते. ऊर्ध्व चेता ही या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदी बाजू आणि परावर्ती चेता ही प्रेरक बाजू. क्लॅरेन्स सासाकी व मासाफुमी सुझुकी यांनी १९७० च्या दशकात मांजर, कुत्रा व माणूस यांच्यात तिची तुलना केली. ऊर्ध्व चेतेला एक झटका दिला की मिटवणाऱ्या स्नायूत आधी एक त्वरित आणि नंतर एक उशिराचे असे दोन प्रतिसाद उमटतात. त्वरित प्रतिसाद माणसात १० ते २० मिलिसेकंदांच्या दरम्यान येतो. दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी उत्तर देतात की उद्दीपन दिलेल्या बाजूचाच देतो, हे प्राण्याच्या जातीवर आणि भुलेच्या खोलीवर अवलंबून असते. एका प्राण्यात हलक्या भुलेखाली मिळालेले उत्तर दुसऱ्या प्राण्याला लागू करण्यात म्हणूनच धोका आहे.

उद्दीपन संपल्यावरही कंठद्वार मिटलेलेच राहिले तर त्याला स्वरयंत्राची आकडी म्हणतात. भूल उतरत असताना रुग्णात, विशेषतः लहान मुलांत, ती उद्भवू शकते आणि जिवावर बेतू शकते. रक्तातील ऑक्सिजन घटला आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की ही क्रिया दबते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

कोकरे व डुकराची पिल्ले यांच्या स्वरयंत्रात थोडे पाणी सोडले असता त्यांचा श्वासच काही काळ थांबतो. प्रौढ प्राणी अशा वेळी खोकतो वा गिळतो. वयानुसार होणारा हा बदल अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूंशी निगडित असावा, असे गृहीतक त्यावरून मांडले गेले. ते अनेक गृहीतकांपैकी एक आहे.

ऊर्ध्व चेतेच्या उद्दीपनाने गिळण्याची क्रियाही घडवून आणता येते. रॉबर्ट डोटी यांनी १९५१ मध्ये दाखवले की यात झटक्यांची गती निर्णायक असते. सेकंदाला सुमारे ३० झटके दिले असता प्राणी सर्वांत सहज गिळतो.

थायरॉइड शस्त्रक्रिया

परावर्ती चेता थायरॉइड ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जाते. ग्रंथी काढताना चेतेला इजा झाली तर त्या बाजूचा स्वरतंतू हलेनासा होतो. आवाज घोगरा व दमल्यासारखा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. शिक्षक, गायक, कीर्तनकार, वकील अशा आवाजावर उपजीविका करणाऱ्यांसाठी हे मोठेच संकट होय. दोन्ही बाजूंना इजा झाली तर श्वास कोंडतो आणि गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करावा लागण्याची वेळ येऊ शकते. चेता डोळ्यांना अखंड दिसत असूनही काम थांबवलेले असू शकते, म्हणून शस्त्रक्रिया चालू असतानाच तिचे उत्तर मोजत राहण्याची पद्धत रूढ झाली.

आंतरराष्ट्रीय चेतानिरीक्षण अभ्यासगटाने २०११ मध्ये यासाठी मार्गदर्शक निकष प्रसिद्ध केले. सुरुवातीला चांगले उत्तर मिळालेले असताना पुरेशा उद्दीपनालाही आयाम १०० मायक्रोव्होल्टच्या खाली गेला, तर संकेत हरपला असे समजतात. व्हेगस चेतेवर इलेक्ट्रोड बसवून सतत निरीक्षण करताना आयाम निम्म्याहून घटणे आणि त्याच वेळी विलंबकाळ दहा टक्क्यांहून वाढणे, ही आगाऊ धोक्याची खूण मानली जाते.

संकेत घसरू लागल्यावर शल्यविशारदाने काय करावे, याचे उत्तर रुग्णांवर शोधता येत नाही. कोणाच्याही चेतेला मुद्दाम इजा करून पाहणे अशक्य आहे. तैवानमधील काओश्युंग येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर डुकरांवर या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास केला. डुकराची परावर्ती चेता जाडीने व मार्गाने माणसाच्या चेतेच्या बरीच जवळ येते आणि माणसासाठी बनवलेली नळी व उपकरणे तिच्यावर तशीच वापरता येतात.

या प्रयोगांतून दिसलेला सर्वांत उपयुक्त भेद ताण आणि उष्णता यांच्यातील आहे. चेता पट्टीने ओढून धरली तर आयाम हळूहळू उतरतो. वेळीच ताण सोडला तर तो बऱ्याच अंशी परत चढतो. ताण लांबला तर परतावा कमी होतो. चेतेजवळ तापणारे उपकरण वापरल्याने भाजले असता मात्र उत्तर झपाट्याने नाहीसे होते आणि प्रयोग संपेपर्यंत परत येत नाही. चेतेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केल्यावर याचे कारणही दिसले. ताणामुळे मुख्यतः चेतेचे बाहेरील आवरण विसकटते, तर उष्णतेने आतील गाभ्याची हानी होते आणि बाहेरून चेता जवळपास ठीक दिसू शकते. ओढ लागली आहे हे उपकरण वेळेत सांगू शकते; भाजण्याची सूचना मात्र बहुधा भाजल्यानंतरच येते. तापणाऱ्या उपकरणाचे टोक चेतेपासून किती दूर ठेवावे आणि वापरानंतर ते थंड होईपर्यंत किती थांबावे, याचे मापनही याच प्रकारच्या प्रयोगांत झाले.

भुलेसाठी दिले जाणारे स्नायुशिथिलक औषध चेता शाबूत असतानाही उत्तर पुसून टाकते. त्याची मात्रा किती असावी आणि त्याचा परिणाम उलटवणारे औषध दिल्यावर संकेत किती लवकर परततो, हेही डुकरांवर तपासले गेले.

संकेत आणि हालचाल

या मापनाचा अर्थ लावताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे विद्युत् संकेत व कार्य यांना एकच समजणे. तुटलेली परावर्ती चेता पुन्हा वाढू शकते. परंतु उघडणाऱ्या व मिटवणाऱ्या स्नायूंचे तंतू तिच्यात मिसळून असतात आणि वाढताना ते वाट चुकतात. मिटवण्याची आज्ञा नेणारा तंतू उघडणाऱ्या स्नायूला जाऊन मिळतो आणि उघडण्याचा मिटवणाऱ्याला. दोन्ही स्नायू मग एकदम आकुंचन पावतात आणि स्वरतंतू जागच्या जागी खिळतो. आलेखावर भरघोस लाट दिसते, आरशात मात्र हालचाल नसते. या स्थितीला सहआकुंचन म्हणता येईल. उंदीर, मांजर व कुत्रा यांच्यावरील प्रयोगांत ती वारंवार दिसून आली आहे.

याच्या उलट परिस्थितीही उद्भवते. नळी थोडी फिरली वा सरकली तर इलेक्ट्रोड स्वरतंतूपासून दूर जातात आणि निरोगी चेतेचाही आयाम कोसळतो. अनुभवी संशोधक अशा वेळी प्रथम नळी पाहतो, नंतर दुसऱ्या बाजूच्या चेतेचे उत्तर तपासतो आणि मगच इजेचा विचार करतो. ऊर्ध्व व परावर्ती चेतांना जोडणारा एक दुवा असतो. त्याला गॅलेनचेच नाव आहे. त्या दुव्यामुळे एका चेतेला दिलेल्या उद्दीपनाचे उत्तर क्वचित दुसरीच्या क्षेत्रात उमटू शकते.

म्हणून अनेक प्रयोगशाळा विद्युत् नोंदीबरोबर प्रत्यक्ष हालचाल व आवाजही टिपतात. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेरल्ड बर्क व सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत भूल दिलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेतून खालून वर हवा सोडतात आणि त्याच वेळी चेतांना मोजून उद्दीपन देतात. स्वरतंतू कंप पावून आवाज निघतो. कोणत्या चेतेला किती उद्दीपन दिल्यावर आवाजाची पट्टी किती चढते, हे त्यातून मोजता येते.

प्राण्यांची निवड

उंदीर स्वस्त, लहान व सांभाळण्यास सोपा असल्याने चेतेच्या पुनर्वाढीच्या अभ्यासात त्याचा वापर अधिक आहे. मात्र त्याची परावर्ती चेता केसासारखी बारीक असते आणि तिची वाढ माणसाच्या मानाने फार लवकर होते. उंदराच्या काही आठवड्यांवरून माणसाच्या महिन्यांचा हिशेब मांडता येत नाही. उंदीर माणसाला ऐकू न येणारे स्वनातीत आवाजही काढतात, काही सुमारे २२ आणि काही ५० किलोहर्ट्झच्या आसपास. हे आवाज स्वरतंतूंच्या कंपनाने नव्हे, तर शिटीप्रमाणे निघतात. तरीही परावर्ती चेता कापल्यावर ते बंद पडतात, कारण शिटीसाठी कंठद्वार योग्य आकारात धरणे हे स्नायूंचेच काम आहे. आवाज काढण्याची यंत्रणा वेगळी असूनही चेतेवरील अवलंबित्व तेच राहते, हा निष्कर्ष मोलाचा आहे.

घोड्याचा उल्लेख येथे वेगळा करावा लागतो, कारण त्याच्यात हा विकार आपोआप होतो. उंच घोड्यांत डावी परावर्ती चेता बहुधा तिच्या टोकाकडून झिजत जाते, डावा स्वरतंतू नीट उघडत नाही आणि धावताना घशातून घरघर ऐकू येते. चेता तपासण्याची एक साधी रीतही पशुवैद्यकांत रूढ आहे. घोड्याच्या खांद्यामागे तळहाताने थाप मारली की विरुद्ध बाजूची ॲरिटेनॉइड कास्थी क्षणभर आत सरकते. ती सरकली नाही तर त्या बाजूच्या चेतामार्गाविषयी शंका घेतली जाते. यासाठी वीज लागत नाही आणि प्राण्याला इजाही होत नाही.

नैतिक व कायदेशीर बाजू

सेमन व हॉर्स्ले यांचे प्रयोग ब्रिटनच्या १८७६ च्या कायद्याच्या चौकटीत झाले. प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याचे बंधन घालणारा हा जगातील पहिला कायदा मानला जातो. विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री आज बहुतेक देशांत आधारभूत धरली जाते. शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि त्यांना होणारा त्रास घटवावा, अशी ती त्रिसूत्री आहे.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर बंदी घातलेली नाही. त्यांच्या नियंत्रणासाठी केंद्रीय समितीची तरतूद केली आहे. १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घ्यावी लागते. त्या कायद्यात एक अट अशी आहे की, लहान प्राण्यावर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठ्या प्राण्यावर प्रयोग टाळावा. स्वरयंत्राच्या बाबतीत ही अट पाळणे सरळ नाही. चेतेची पुनर्वाढ उंदरात पाहता येते, पण माणसाच्या मापाची नळी आणि शस्त्रक्रियेची उपकरणे उंदराच्या गळ्यात मावत नाहीत. कायद्यातील दुसरी अट केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग करण्यास मनाई करते.

डुकरांवरील बहुतेक मापनप्रयोगांत प्राण्याला भुलेतून जागे केले जात नाही. नोंदी संपल्यावर भुलेखालीच त्याचे जीवन संपवले जाते. ज्या अभ्यासांत चेतेची पुनर्वाढ पाहायची असते, तेथे प्राण्याला जगवावे लागते. अशा वेळी प्रायः एकाच बाजूच्या चेतेला इजा केली जाते. दोन्ही बाजूंना केली तर श्वास कोंडण्याचा धोका असतो. शाबूत ठेवलेली दुसरी बाजू प्राण्याचा श्वास चालू ठेवते आणि तुलनेसाठीही तीच उपयोगी पडते.